वरच्या फळीवरचा बस्ता

"हात नका लावू, मी आहे ना."

हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की दफ्तरखान्यात नवा आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच ते शिकायचा आणि तिच्या पाठीमागे तिच्या आवाजात म्हणून दाखवायचा. कुणी शिडी सरकवली, की हात नका लावू. कुणी टेबलावरचा कागद सरळ करायला गेलं, की हात नका लावू. एकदा जेवणाच्या सुट्टीत पहारेकऱ्याने स्वतःचाच डबा उघडायला घेतला, तर सवयीने तिच्या तोंडून तेच निघून गेलं. त्यावर खळवाला म्हणाला, "बाई, निदान भाजीला तरी वारा लागू द्या."

सगळे हसले. तीही हसली. ती अशी हसायची, की हसू ओठांवर यायचं आणि दाराशी आलेल्या परक्या माणसासारखं तिथेच थांबायचं.

खळवाला म्हणजे तिच्यासोबत उभी हयात काढलेला माणूस. फाटक्या कागदाला मागून झिरझिरीत कागद लावून खळीने चिकटवायचं, हे त्याचं काम. आणि ती बस्ते, म्हणजे कागदांची फडक्यातली गाठोडी, बांधणारी. म्हणून सगळे तिला बस्तेबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं, आणि तेव्हा ती स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायची.

त्या दफ्तरखान्यात लढाईत गेलेल्यांचे कागद होते. एका शिपायाचा एक बस्ता. त्यात पलटणीने लिहून ठेवलेलं पत्रक: उंची किती, छाती किती, अंगावर खूण कुठे, भरती कधी, शिक्षा कसली, आणि शेवटी एकच शब्द, मयत, जखमी किंवा बेपत्ता. त्याच्याच पोटात घरची पत्रं. काही शिपायाच्या सामानात सापडलेली, म्हणजे वाचलेली. काही त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत म्हणून पलटणीकडून परत आलेली, म्हणजे बंदच्या बंद. दोन्ही एकाच मांजरपाटाच्या फडक्यात, एकमेकांना चिकटून. मळणी झाल्यावर दाणा आणि भूस वेगळं करतात. इथे कुणी ते केलं नव्हतं.

बस्तेबाईच्या बापाचा बस्ताही तिथेच होता.

ती पाळण्यात होती तेव्हा बाप लढाईवर होता. तिच्या आधीचा एक मुलगा होता आईला, चालायला लागलेला. तो तापाने फणफणला. आईने कळवलं, या. बाप आला नाही. रजा मिळाली नाही की मागितली नाही, कोण सांगणार. पोरगा गेला. त्या संध्याकाळी आईने पत्र लिहिलं. पोर तुमची वाट बघत बघत गेलं, आता आलात तरी मी दार उघडणार नाही, असं. पत्र पेटीत टाकून आली आणि मग बसून रडली. पुढे काही दिवसांनी पलटणीची चिठ्ठी आली: माणूस बेपत्ता.

म्हणजे कसा? गोळी लागून कुठे खड्ड्यात पडला, की आपल्या पायांनी अंधारात चालत गेला, परत यायला दार नाही म्हणून?

आईच्या जन्माला तेव्हापासून हाच एक प्रश्न लागला होता. तिला माणूस परत नको होता, तो येणार नाही हे ती कधीच समजून चुकली होती. तिला एवढंच हवं होतं, की ते पत्र त्याने वाचलं की नाही. बस्त्यात ते बंद असेल, तर त्याने वाचलं नाही. उघडं असेल, तर वाचलं. बंद की उघडं. दोन शब्दांच्या मध्ये ती बाई म्हातारी झाली.

लेक कामाजोगी झाली तेव्हा आईला कुठूनसं कळलं, की त्या दफ्तरखान्यात माणूस घेणार आहेत. तिने लेकीला जवळजवळ ढकलतच तिथे पाठवलं. नोकरी लागली. आणि पहिल्याच दिवशी साहेबांनी नियम वाचून दाखवला: आपल्या रक्ताच्या माणसाचा बस्ता नोकराने उघडायचा नाही. पूर्वी कुणी कारकुनाने भावाच्या पत्रकातली शिक्षा खोडून टाकली होती, तेव्हापासूनचा हा नियम. नोकरी मिळाली आणि त्याच दिवशी दार बंद झालं.

आईला स्वतःला जाऊन अर्ज करता आला असता. लेकीने सुचवलंही.

"परक्या माणसासमोर माझं पत्र उघडायचं?" आई म्हणाली. "मी काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. मला नको कुणी बघायला. तू उघड."

"मला उघडता येत नाही, आई. नोकरी जाईल."

"मग सुटलीस की उघड. इतकी वर्षं थांबले, आणखी थांबेन."

आता खरं सांगायचं, तर दोघींनाही तो नियम सोयीचा होता. विहिरीत डोकावायची भीती असली, की माणसाला काठावरचं कुंपण आवडायला लागतं. पण हे त्या दोघी एकमेकींना कधी बोलल्या नाहीत.

बस्तेबाईने एक केलं. तो बस्ता तिने जपला.

दफ्तरखान्याची इमारत जुनी, भिंती जाड, आणि जमिनीतून ओल वर चढायची. खालच्या फळ्यांवर वाळवीची भीती, मधल्या फळ्यांवर कागद कुरतडणारी कसर. कामाला लागल्यावर पहिल्या पावसाळ्यात तिने खालचा एक बस्ता सोडला आणि आत चिखल निघाला. एका माणसाचं सगळं आयुष्य बोटांना काळं होऊन लागलं. त्या दिवशी ती बापाचा बस्ता घेऊन शिडीवर चढली आणि सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याच्या छपराला डोकं लागेल अशा ठिकाणी, नेऊन ठेवला. तिथे ओल पोचत नव्हती, वाळवीही नाही. फडकं दुहेरी केलं. इतर बस्त्यांना सुरगाठ असायची, टोक ओढलं की सुटणारी. याला तिने निरगाठ मारली. गुडघा टेकवून, आवळून.

पुढे तिला सवयच लागली. कुणाची म्हातारी आई यायची, कुणाची बायको, वाचनाच्या खोलीत बसून रडायची आणि जाताना म्हणायची, नीट ठेवा हं. तो बस्ता मग वर जायचा. हळूहळू वरच्या फळीवर एक रांगच झाली. खळवाला तिला लाडक्यांची रांग म्हणायचा.

"आम्ही मेल्यावर आम्हालाही तिथेच ठेवा," तो म्हणायचा. "उबदार आहे म्हणे."

"तुम्हाला खाली ठेवणार. वाळवीला चव तरी कळेल."

दर वर्षी पावसाळा सरला, की बस्त्यांना वारं द्यायचं काम निघायचं. सगळे बस्ते सोडायचे, पानं उलटायची, थोडा वेळ सावलीत मोकळी ठेवायची, मग पुन्हा बांधायची. कागदालाही श्वास लागतो. महिना सव्वा महिना हेच चालायचं. नियमाप्रमाणे बस्तेबाईच्या बापाचा बस्ता दुसऱ्या कुणीतरी सोडायला हवा होता. खळवाल्याने दोनचारदा हात पुढे केलाही.

"हात नका लावू, मी आहे ना."

"अहो, तुम्हाला चालत नाही म्हणून तर मी."

"मी बघते म्हटलं ना."

परक्या माणसाने तो उघडायचा नाही, हे आईचं. आपण उघडायचा नाही, हे साहेबाचं. तिने दोन्ही पाळलं. दर वर्षी शिडीवर चढायची, वरच्या रांगेतले बाकीचे बस्ते खाली आणून त्यांना वारं द्यायची, आणि बापाच्या बस्त्यावरची धूळ पदराच्या टोकाने पुसून गाठ आणखी थोडी आवळायची. त्याच्या शेजारचे कागद पिवळे पडताना तिला दिसत होते. पण लढाईच्या दिवसांतला कागद असतोच हलका, गवताच्या लगद्याचा, पिवळा पडायचाच, असं तिला वाटायचं. तिने ना चोरून उघडला, ना कधी फडक्यावरून चाचपला. एका उन्हाळ्यात छपराचं काम निघालं तेव्हा तो बस्ता दिवसभर तिच्या मांडीवर होता. निजलेलं पोर घेऊन बसावं तशी ती बसली होती, पाय आखडले तरी हलली नाही. या प्रामाणिकपणाचा तिला मोठा अभिमान होता, आणि का नसावा? दुसरं काय होतं तिच्याकडे? लग्न केलं नाही. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी आईची खाट, आणि रोजचा एकच रस्ता.

आणि ती निवृत्त झाली.

आताचे साहेब तरुण होते, भले होते. त्यांनी चार शब्द बोलून दाखवले. खळवाला म्हणाला, "आता आम्ही सगळ्याला हात लावणार." आणि त्याने मोठ्याने नाक शिंकरलं.

घरी आई जागीच होती. तिला आता ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र चांगलं.

"उद्या?" आई म्हणाली.

"उद्या."

"काय असेल ते सांग. बंद तर बंद. उघडं तर उघडं. माझी समजूत काढायला बसू नकोस."

"नाही काढणार."

दुसऱ्या दिवशी ती त्याच फाटकातून आत गेली, पण पाहुणी म्हणून. पहारेकऱ्याने नाव लिहायला लावलं आणि स्वतःच लाजला. अर्जावर नातं विचारलं होतं. तिने लिहिलं, मुलगी. हा शब्द तिने आजवर कुठल्याही कागदावर बापाच्या नावापुढे लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

बाहेरच्या माणसाला बस्त्यांच्या कोठारात शिरता येत नव्हतं, म्हणून बस्ता आणायला खळवाला गेला. तो शिडी चढून वर गेल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. परत आला तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"बाई," तो म्हणाला, "वर किती तापतं हो. भट्टी आहे नुसती."

"कोरडं असतं," ती म्हणाली.

बस्ता टेबलावर ठेवताना त्याने फार हळू ठेवला. खळवाल्याचे हात कागद न बघता कागद ओळखायचे, आणि त्या हातांना काहीतरी कळलं होतं.

निरगाठ सुटेना. तिने नखांनी ओढून पाहिली, दातांनी ओढून पाहिली. शेवटी साहेबांनी कात्री दिली. तिने फडक्याचा पहिला पदर उघडला, मग दुसरा, आणि वाळल्या पाल्यावर पाय पडावा तसा आवाज झाला.

पलटणीचं पत्रक धडधाकट होतं. जाड कागद, गडद शाई. उंची, छाती, उजव्या कानामागे तीळ. भरतीची तारीख. शेवटी बेपत्ता. त्याच्या खाली: खाजगी कागद, पत्र एक. सामानात सापडलं की परत आलं, ते लिहायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

आणि त्याच्या खाली ते पत्र.

कागद मरतो तो कडेकडून. वरून छपराची धग, बाजूने आवळलेली दोरी, आत वाऱ्याचा लवलेश नाही. इतकी वर्षं तो कागद भाजत होता. पाकिटाच्या चारी कडा गेल्या होत्या. जिथे डिंक लावतात ती पट्टी नव्हती. जिथे टपालाचा शिक्का मारतात तो कोपरा नव्हता. फडक्याच्या घडीत तपकिरी चुरा साचला होता, चिलमीतल्या तंबाखूसारखा. मधला तळहाताएवढा तुकडा तेवढा शाबूत होता, आणि त्यातून आतल्या पत्राची घडी दिसत होती. शाई अजून काळी होती. "आलात तरी मी दार" एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

"बंद होतं का?" तिने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखा होता. "बघा तुम्ही. तुम्हाला कळेल."

खळवाल्याने भिंग घेतलं. चुरा कागदावर पसरला, चिमट्याने एकेक कपचा उलटा करून पाहिला. साहेबही वाकून बघत राहिले. खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलं.

"नाही सांगता येत, बाई," शेवटी तो म्हणाला. "डिंकाची बाजू पीठ झालीय. फाडलेली होती की चिकटलेली, आता देवालाही कळायचं नाही."

"मधल्या फळीवर असता तर?"

त्याने भिंग खाली ठेवलं.

"सांगा ना."

"कसर लागली असती थोडी," तो म्हणाला. "भोकं पडली असती. पण कडा राहिल्या असत्या."

साहेब म्हणाले, "यात तुमची काही चूक नाही."

"मग कुणाची आहे, साहेब?" तिने साधेपणाने विचारलं.

ती घरी आली. आई खाटेवर बसून होती, केस विंचरलेले, धुतलेलं पातळ नेसलेलं. शेजारणीकडून नेसवून घेतलं होतं.

"बोल," आई म्हणाली.

वाटेत तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. बंद होतं म्हणावं. एक शब्द. आईने उरलेले दिवस सुखाने काढले असते. पण समजूत काढू नकोस असं आईने आधीच बजावलं होतं, आणि आयुष्यभर जिला खोटं बोलायची सवय नाही तिचं पहिलं खोटं लगेच चेहऱ्यावर उमटलं असतं.

"कडा गेल्यात, आई. चुरा झालाय. बंद होतं की उघडं ते कळत नाही."

आईला ऐकू आलं नाही असं वाटून तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. आईला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

"कुणी केलं?"

"मी. वर ठेवला होता, जपून. उन्हाने गेला."

"दुसऱ्यांचे?"

"दुसऱ्यांचे चांगले आहेत. ज्यांच्याकडे मी फारसं बघितलं नाही ते."

आईने खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावर एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडेच बघत होती.

"काही उरलंय का?"

"मधलं. दाराचं."

"ते बरोबर उरलं," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कानामागचा तीळ लिहिलाय त्यांनी?"

"लिहिलाय. उजव्या."

"हं. उजव्याच." क्षणभर आईचा चेहरा कुणा वेगळ्याच तरुण बाईचा झाला आणि परत मावळला. "मला वाटायचं, बंदच असावं. देवाकडे तेच मागायचे. पण उघडं असतं तरी चाललं असतं गं. मी केलं म्हणून रडले असते, मोकळी झाले असते. आता काय करू मी?"

लेकीने पाय दाबायला हात पुढे केला. आईने पाय जवळ ओढून घेतले.

"हात नको लावूस," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

रात्री आई जेवली. सकाळी चहा घेतला. पण एक शब्द बोलली नाही.

सकाळी बस्तेबाई पुन्हा फाटकाशी गेली. पहारेकरी म्हणाला, "आज काय, बाई?"

"वरच्या फळीवरची रांग खाली काढायचीय. पुढचा उन्हाळा त्यांना तिथे नाही घालवता यायचा."

पहारेकरी आत जाऊन आला. त्याच्यासोबत साहेबही आले. "आम्ही काढून घेतो," ते म्हणाले. "पण तुम्हाला आत नाही सोडता येणार. तुम्हीच तर आम्हाला हे नियम शिकवलेत."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "खिडकीपाशी उभी राहते. तेवढं चालेल?"

तेवढं चाललं. कोठाराला अंगणाच्या बाजूने गजांची खिडकी होती. आत खळवाला शिडीवर चढला. एकेक बस्ता उतरवून त्याने मधल्या टेबलावर ठेवला. ती बाहेरून गज धरून बघत होती. प्रत्येक बस्ता कुणाचा ते तिला फडक्यावरून कळत होतं. हा त्या चष्मेवाल्या म्हातारीच्या लेकाचा. हा त्या दोन बहिणींच्या भावाचा, ज्या वाटेत भांडत यायच्या आणि रडत जायच्या. सगळ्यांनी नीट ठेवा म्हटलं होतं.

खळवाल्याचा हात पहिल्या गाठीपाशी थांबला. इतक्या वर्षांची सवय. त्याने खिडकीकडे बघितलं.

"लावा हात," ती म्हणाली. "सोडा. सगळे सोडा. वारं लागू द्या."

त्याने टोक ओढलं. सुरगाठ सुटली. फडकं उघडलं आणि तो वाकून बघू लागला. ती गजांना कपाळ लावून उभी.

"कडा आहेत," तो म्हणाला. "करपल्यात, पण आहेत. धरतील खळ."

दुसरा सोडला. "याच्याही आहेत."

तिसऱ्याचं फडकं त्याने उघडलं आणि तसंच हळूच मिटलं.

थोड्या वेळाने तिने गज सोडले. हातांना गंज लागला होता, तो पदराला पुसला. "आईला औषध द्यायची वेळ झाली," ती म्हणाली.

"बोलल्या का त्या?" खळवाल्याने आतून विचारलं.

"नाही."

"बोलतील."

"काय बोलणार?" ती म्हणाली. "जाते मी."

पहारेकऱ्याने फाटक उघडलं आणि ती बाहेर पडली. दुपारचं ऊन रस्त्यावर पडलं होतं. कडेला झाडांची सावली होती, पण ती रस्त्याच्या मधून, उन्हातून चालली. पहारेकरी फाटकाला टेकून बघत होता. आत खिडकीपाशी खळवाला उभा होता, हातात सोडलेलं फडकं होतं, आणि मागे टेबलावर एक कागद वाऱ्याने हलत होता. तो दाबून ठेवायला त्याने मागे वळायला हवं होतं. ती वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत तो वळला नाही.